दवाखान्याचे दप्तर : उघडे काय, झाकलेले काय

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की शहापूर-मुरबाड भागातील कातकरी वाड्यांतली घरे एकामागून एक बंद होऊ लागतात. कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडे हलतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. आटगाव, खर्डी, कसारा या रेल्वेपट्ट्यातील शिक्षकांना हे निराळे सांगायला नको. त्यांच्या हजेरीपटावर दरवर्षी ते उमटतेच. पण हजेरीपटाखेरीज आणखी एक दप्तर या स्थलांतरात मागे राहते. ते म्हणजे आरोग्याचे दप्तर.

समजा, एका मुलाला दीड महिन्याचे असताना गावच्या उपकेंद्रात लस टोचली. नोंद तेथल्या नर्सबाईंच्या रजिस्टरात झाली, आशाताईंच्या वहीत झाली आणि आईजवळच्या कार्डावरही झाली. पुढची लस एका महिन्याने. तोवर बिऱ्हाड भट्टीवर गेले आणि कार्ड राहिले घरी, आढ्याला खोचलेले. तिथल्या नर्सबाई विचारतात, "बाई, कोणती लस झाली?" आई म्हणते, "मांडीत टोचली होती." आता नर्सबाईंनी काय समजावे? लस इथेही आहे, तिथेही आहे. नोंद मात्र मागे राहिली. गरोदर बाईच्या रक्ताची तपासणी, क्षयाच्या रोग्याचे अर्धवट झालेले औषध, या सर्वांची हीच गत.

लहान मुलांच्या लसीकरणापुरता यावर सरकारने उपाय योजला आहे. 'यू-विन' या नावाच्या संगणक व्यवस्थेची चाचणी २०२३ साली देशातील निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. एका गावी टोचलेली लस दुसऱ्या गावी दिसावी, हाच तिचा हेतू. परंतु लसीकरण हा आरोग्याचा एक कोपरा झाला. सगळ्या दप्तराचे काय? ते संगणकात ठेवायचे, तर कोणत्या प्रकारच्या संगणक व्यवस्थेत ठेवायचे? या प्रश्नाचा आपल्यासारख्या खेड्यांतील माणसांशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून तो आज थोडा उलगडून पाहू.

संगणक हा स्वतः काही जाणत नाही. त्याला पायरीपायरीने आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. व्यवहारात आपण सॉफ्टवेअर म्हणतो. या आज्ञावल्या दोन तऱ्हेने दिल्या जातात. एक तऱ्हा अशी, की कंपनी तुम्हाला तयार वस्तू वापरायला देते, पण आतल्या आज्ञा दाखवत नाही. काही बदल हवा असेल तर तिच्याकडेच जायचे. दुसरी तऱ्हा 'ओपन सोर्स'ची, म्हणजे मुक्त आज्ञावलीची. हिच्यात आतल्या सर्व आज्ञा उघड ठेवलेल्या असतात. त्या कोणीही वाचाव्यात, तपासाव्यात, आपल्या गरजेप्रमाणे बदलाव्यात आणि बदललेली आज्ञावली दुसऱ्यालाही द्यावी, अशी लेखी परवानगी तिच्याबरोबर असते.

शेतकऱ्याला हा फरक बियाण्यावरून चटकन समजेल. संकरित बियाणे दरवर्षी दुकानातून आणावे लागते. घरचे धान्य पुन्हा पेरले तर तसे पीक येत नाही. गावठी भाताचे बियाणे मात्र आपण निवडून ठेवतो, पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. शेजारी त्यातून आपल्या खाचराला मानवेल ते निवडत जातो. मुक्त आज्ञावली ही या गावठी बियाण्यासारखी. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराची चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा पाया घातला. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

आणखी एक जवळचे उदाहरण घ्या. कोविडची लस घेतल्यावर चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीचे जे प्रमाणपत्र आपल्याला मिळाले, ते तयार करण्याचे काम 'डिव्होक' नावाची मुक्त आज्ञावली करीत होती. बंगळुरूच्या ईगव्ह फाउंडेशनने ती उघडपणे प्रसिद्ध केली. पुढे श्रीलंका आणि फिलिपाईन्स या देशांनीही तीच उचलून आपापल्या लोकांची प्रमाणपत्रे काढली. एका घरचे बियाणे तीन शेतांत गेले.

आता कोणी विचारील, "दवाखान्याला आज्ञावली उघडी असली काय, नि झाकलेली असली काय, काम चालल्याशी कारण!" काम चालते तोवर हे म्हणणे बरोबर आहे. पण आपल्याच राज्यातील एक घटना आठवून पाहा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरापासून तपासणीच्या अहवालापर्यंत बरेचसे काम वर्षानुवर्षे एका खाजगी कंपनीच्या संगणक व्यवस्थेवर चालत होते. २०२२ साली करार आणि देणे यांवरून वाद झाला आणि ती व्यवस्था बंद पडली. केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी आली. त्या वादात चूक कोणाची, हा आपला विषय नाही. दुसऱ्याच्या हातातल्या किल्लीवर दप्तर ठेवले, तर काय होऊ शकते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

दवाखान्यासाठी मुक्त आज्ञावली करण्याचे मोठे काम २००४ साली सुरू झाले. केनियातील एल्डोरेट या शहराच्या परिसरात एड्सच्या रोग्यांवर उपचार चालू होते. रोग्यांची संख्या इतक्या वेगाने वाढली, की नोंदी ठेवण्याची जुनी साधने अपुरी पडू लागली. त्या कामाशी जोडलेल्या अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या डॉक्टरांनी आणि इतर सहकाऱ्यांनी मिळून 'ओपनएमआरएस' ही रोग्यांच्या नोंदींची आज्ञावली रचली. ती मुळापासून अशा दवाखान्यांसाठी होती, की जिथे पैसा कमी, माणसे कमी आणि रोगी पुष्कळ.

हिचा कणा म्हणजे एक कोश. शिक्षकांना शब्दकोश ठाऊकच आहे. या कोशात दवाखान्यात विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो. ताप, वजन, हिमोग्लोबिन, साप चावल्याची जागा, अशी प्रत्येक गोष्ट कोशात एकदा नोंदवायची. तिला मराठीत एक नाव, इंग्रजीत दुसरे, आणखी कोणत्या बोलीत तिसरे देता येते, पण क्रमांक एकच राहतो. त्यामुळे मराठीत भरलेली नोंद इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरलाही कळते. शिवाय उद्या एखाद्या डॉक्टरला वाटले, की सिकलसेलच्या रोग्यांना आणखी चार प्रश्न विचारावेत, तर ते कोशात घालून नवा फॉर्म करता येतो. त्यासाठी मूळ आज्ञा लिहिणाऱ्या माणसाला गाठावे लागत नाही.

हे बियाणे आपल्या देशात आले आणि इथल्या मातीत त्याची नवी जात निघाली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचे गाव आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात शिकलेल्या काही डॉक्टरांनी १९९६ साली 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था स्थापन केली आणि गनियारीत दवाखाना उभारला. जंगलातल्या दूरदूरच्या गावांतून रोगी येऊ लागले आणि कागदी फायलींचे ढीग वाढत गेले. थॉटवर्क्स या कंपनीतील संगणक तंत्रज्ञांनी २०१३ च्या सुमारास या दवाखान्याबरोबर काम करून 'बहमनी' ही रुग्णालयाची मुक्त व्यवस्था तयार केली. नाव ऐकून गुलबर्ग्याची बहमनी सलतनत आठवेल, पण तिचा याच्याशी संबंध नाही.

बहमनी रचताना सगळेच नव्याने लिहिले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोग्याची नोंद ठेवायला केनियात वाढलेली ओपनएमआरएस घेतली. रक्त-लघवीच्या तपासणीसाठी, अमेरिकेतील सार्वजनिक प्रयोगशाळांसाठी निघालेली ओपनएलिस घेतली. औषधांचा साठा आणि बिले यांसाठी बेल्जियममध्ये जन्मलेली ओडू घेतली. या तिन्ही मुक्त होत्या, म्हणून त्या एकत्र सांधता आल्या. डॉक्टरांनी तपासणी सांगितली, की प्रयोगशाळेच्या पडद्यावर तिची चिठ्ठी उमटते. अहवाल तयार झाला, की तो डॉक्टरांच्या पडद्यावर येतो. औषध दिले, की साठ्यातून तितके कमी होते. रोग्याने कागद हातात घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरायला नको.

गनियारीहून ही जात आपल्या महाराष्ट्रातही आली. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. माडिया गोंडांच्या त्या मुलुखात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना वाढवला. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. या दोन्ही ठिकाणच्या रुग्णालयांसाठी बहमनीची मांडणी करण्यात आली, आणि ती मांडणीही इतरांना पाहता यावी अशी उघड ठेवली गेली. नेपाळच्या पश्चिम डोंगरांत अछाम जिल्ह्यातील बयालपाटा रुग्णालयानेही हीच व्यवस्था आपलीशी केली. हेमलकशाचे जंगल, अछामचे डोंगर आणि आपल्या माहुलीच्या पायथ्याच्या वाड्या यांच्या अडचणी पुष्कळशा सारख्या आहेत. वीज जाते, फोनला रेंज नसते, डॉक्टर एकटा असतो. मोठ्या शहरातील रुग्णालयासाठी केलेली महागडी व्यवस्था अशा जागी अनेकदा जड जाते. एका रानातल्या दवाखान्याने शोधलेला उपाय दुसऱ्या रानातल्या दवाखान्याला विनामूल्य घेता यावा, यात मुक्त आज्ञावलीचे खरे मोल आहे.

पण दोन दवाखान्यांत दोन निराळ्या आज्ञावल्या असतील तर? तेव्हा नोंदीची भाषा एक हवी. जुन्या माणसांना पायली, अधोली, शेर, मण ही मापे आठवत असतील. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात तितकीच भरेल, याची खात्री नसे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने येऊ लागली आणि किलो सगळीकडे किलोच राहिला. आरोग्याच्या नोंदींसाठी असेच एक माप ठरले आहे; त्याचे नाव 'फायर'. ते माप उघड आहे, कोणालाही वापरता येते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने हेच माप धरले आहे. त्या योजनेत प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक घेता येतो. एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्याने मागितली, तर रोग्याच्या संमतीने ती पाठवावी, अशी तिची रचना आहे. वीटभट्टीवरच्या त्या आईचा प्रश्न अखेर याच वाटेने सुटावयाचा आहे.

आता आपण विषयाच्या गाभ्याशी येऊ. 'मुक्त', 'उघडे' हे शब्द ऐकून एखाद्याच्या मनात धसका बसेल. "म्हणजे माझ्या आजाराची नोंद सगळ्या गावाने वाचायची की काय?" मुळीच नाही. उघडे असते ते साधन. नोंद झाकलेलीच राहिली पाहिजे. कुलूप कसे बनते, हे साऱ्या लोहारांना ठाऊक असते, म्हणून कोणी तुमचे घर उघडू शकत नाही, कारण किल्ली तुमच्या कनवटीला असते. उलट, कुलपाची रचना चार जाणत्यांनी तपासली, तर त्यातला कच्चा दुवा लवकर सापडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारने आरोग्य सेतू हे अ‍ॅप काढले, तेव्हा ते आपल्याविषयी काय काय गोळा करते, अशी शंका अनेकांनी घेतली. २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीच्या आज्ञा उघड करण्यात आल्या. जाणकारांना त्या वाचून पाहता आल्या, हा त्यातला लाभ.

क्षय, कुष्ठरोग, एड्स, मनाचे आजार, अविवाहित मुलीचे गरोदरपण यांतली एखादी गोष्ट बाहेर फुटली, तर खेड्यात माणसाचे जिणे कठीण होते. सोयरीक मोडते, पाणवठ्यावर कुजबुज सुरू होते. म्हणून केसपेपर हा रोग्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा, तिसऱ्याचा नव्हे. देशाने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे.

मग सर्वांनी पाहावे असे त्यात काहीच नाही का? आहे. नावे वगळून केलेली मोजदाद सर्वांच्या उपयोगाची असते. कोणत्या तालुक्यात किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, कोठे हिवताप वाढला, हे कळल्याशिवाय औषधे पाठवणार कशी? या कामासाठी 'डीएचआयएस' नावाची मुक्त आज्ञावली आहे. वर्णभेदाचे राज्य संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात तिचा जन्म झाला. गोऱ्यांचे आणि काळ्यांचे दवाखाने निराळे, त्यांच्या नोंदीही निराळ्या, अशा विस्कळित कारभारातून एक हिशेब उभा करावयाचा होता. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाने पुढे तिची दुसरी आवृत्ती तयार केली आणि ती प्रथम वापरात आली ती २००६ साली, आपल्याच देशात, केरळात.

तिसरा प्रकार जीवशास्त्राच्या माहितीचा. ११ जानेवारी २०२० रोजी कोरोना विषाणूची जनुकीय लिपी, म्हणजे जवळजवळ तीस हजार अक्षरांची ओळ, चिनी शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यामार्फत जगापुढे ठेवली. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी त्या आणि पूर्वीच्या खुल्या माहितीच्या आधारे आठवड्याभरात तपासणीची रीत सिद्ध केली. त्यांच्याजवळ रोग्याचा नमुनासुद्धा नव्हता! आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनेही केरळातील पहिल्या रोग्यांपासून मिळालेल्या विषाणूची लिपी वाचून जगाच्या संग्रहात घातली. इथे लिपी विषाणूची, तिच्यावर रोग्याचे नाव नाही. अशी माहिती दडवून ठेवली असती, तर किती दिवस वाया गेले असते!

तरी इथेही तारतम्य हवे. आपल्या तानसाच्या जंगलातील पक्षी मोजले आणि उघड केले, तर कोणाचे नुकसान नाही. पण कोणत्या मुळीने कोणता आजार बरा होतो, हे एखाद्या ठाकूर वैदूने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान असेल, तर ते त्याला न विचारता जगाला वाटून टाकणे न्यायाचे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही करावयास सांगितली आहे. ती लिहिताना काय उघड करायचे आणि काय राखून ठेवायचे, हे गावाने ठरवावे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्त आज्ञावली फुकट मिळते, पण फुकट चालत नाही. बियाणे फुकट मिळाले, तरी नांगरणी-लावणी चुकत नाही. संगणक, वीज, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे ती जाणणारा माणूस यांना पैसा लागतो. तो दिला नाही, तर मुक्त व्यवस्थाही धूळ खात पडते. दुसरे असे, की नर्सबाईंनी घाईत चुकीचा आकडा भरला, तर उत्तमातली उत्तम आज्ञावलीही चुकीचाच आकडा जपून ठेवते. आणि तिसरे, रजिस्टरेही भरायची आणि संगणकातही भरायचे, असा दुहेरी बोजा आशाताई आणि नर्सबाई यांच्यावर पडला, तर रोग्याकडे पाहायला त्यांना वेळच उरत नाही. संगणक आला की जुने रजिस्टर कधी बंद होणार, हेही अधिकाऱ्यांना विचारले पाहिजे.

मग आपण काय करावे? उद्या आपल्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात नवी संगणक व्यवस्था आली, तर ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत तीन प्रश्न विचारावेत. माझी नोंद मला समजेल अशा रूपात मिळेल का? ही व्यवस्था पुरवणारा उद्या निघून गेला, तर आमच्या नोंदी दुसऱ्या व्यवस्थेत नेता येतील का? आणि माझी नोंद कोण पाहू शकतो व कोणाच्या परवानगीने? हे विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. सातबारा मागताना आपण जितके दक्ष असतो, तितकेच इथे असावे.

शिक्षकांनी वरच्या वर्गांत एक साधा पाठ घेऊन पाहावा. वर्गातील मुलांची उंची आणि वजन मोजावे. नावासकट यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी, नावे वगळून सरासरी फळ्यावर लिहावी आणि मोजण्याची रीत शेजारच्या शाळेला कळवावी. काय झाकायचे, काय सांगायचे आणि काय वाटून घ्यायचे, हे मुलांना एका तासात समजेल.

आणि भट्टीवर निघालेल्या बिऱ्हाडांना सांगावे, की मुलांची लसीकरणाची कार्डे, क्षयाच्या औषधाची पुस्तिका आणि शेवटचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. आशाताईंनी आणि गुरुजींनी निघण्याच्या आदल्या दिवशी ती पिशवी एकदा पाहावी. संगणकाची सोय घरोघर पोचेपर्यंत आईच्या गाठोड्यातले ते कार्डच मुलाबरोबर प्रवास करणार आहे.